लॉ रिपोर्टांतील नांवांचा शोध

१८८५ च्या जून महिन्यांत मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’ पत्रांत बालविवाहाच्या चालीविरुद्ध एक खरमरीत पत्र प्रसिद्ध झालें. खालीं सही होती ती ‘एक हिंदु स्त्री’ एवढीच. सप्टेंबरांत त्याच सहीचें दुसरें पत्र आलें. लिहिणारीनें आपलें नांव झांकलें होतें आणि संपादकानें तें झांकूं दिलें होतें. ही लेखिका म्हणजे डॉक्टर सखाराम अर्जुन यांची सावत्र मुलगी रखमाबाई. वयाच्या अकराव्या वर्षीं तिचें लग्न दादाजी भिकाजी यांच्याशीं लागलें होतें. ती नांदावयास येत नाहीं म्हणून दादाजींनीं १८८४ सालीं मुंबई हायकोर्टांत दावा लावला, आणि २१ सप्टेंबर १८८५ रोजीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं तो काढून टाकला. हा निकाल ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’च्या मुंबई मालिकेच्या नवव्या खंडांत ५२९ व्या पानावर छापला गेला. पुढच्या वर्षीं सरन्यायाधीश सार्जंट व न्यायमूर्ति बेली यांनीं अपिलांत तो फिरविला. तें निकालपत्र दहाव्या खंडांत ३०१ व्या पानावर आलें. ह्या पानांवर पडदा कसलाच नव्हता. जी स्त्री वर्तमानपत्रांत नांवावांचून बोलत होती, तिचें नांव, तिच्या लग्नाची हकीकत आणि तिच्या घरांतली बोलाचाली कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातीं कायमची पडली.

तरीहि ज्याला ती नांवानें शोधावयाची असेल त्याची पहिल्याच पावलाला फजिती होते. खटल्याचें शीर्षक ‘दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई’ असें आहे. शीर्षकांच्या वर्णानुक्रमानें लावलेल्या यादींत ‘आर्’ अक्षराखालीं पाहावें तर रखमाबाई तेथें नाहीं. ती ‘डी’ अक्षराखालीं, दादाजीच्या पाठीमागें उभी आहे. कारण दावा त्यानें लावला होता. ज्या नवऱ्याच्या घरीं जाण्यापेक्षां तुरुंगांत जाणें तिनें पसंत केलें, त्याच्याच नांवाच्या आश्रयानें ती कायद्याच्या ग्रंथांत राहिली आहे. १८८८ सालीं तडजोड झाली, रखमाबाई विलायतेस गेली, डॉक्टर होऊन परत आली, सुरतेंत व राजकोटांत तिनें वर्षानुवर्षें स्त्रियांची शुश्रूषा केली आणि १९५५ सालीं ती वारली. पण वकिलांच्या तोंडीं मात्र तो खटला दादाजीचाच. कायदा माणसाला ज्या नांवानें ओळखतो तें नांव पुष्कळदां त्याच्या प्रतिपक्षाचें असतें, ही गोष्ट लॉ रिपोर्ट चाळणाऱ्यास जितकी लवकर कळेल तितकी बरी.

मराठेशाहींतहि न्यायाचे कागद होत असत आणि त्यांत नांवांचा तुटवडा नव्हता. गोतसभेचा महजर झाला म्हणजे वतनदार, बलुतेदार, शेजारच्या गांवचे पाटील-कुळकर्णी यांचीं नांवें व निशाण्या त्यावर ओळीनें येत. हरणाऱ्याकडून येजितखत लिहून घेत आणि जिंकणाऱ्याच्या हातीं निवाडपत्र देत. परंतु हा कागद त्या त्या घराण्याच्या पेटींत जाई. एका गांवच्या पाटीलकीचा निवाडा दुसऱ्या गांवच्या वादांत दाखला म्हणून वाचावा, आणि त्यासाठीं सारे निवाडे छापून त्यांची यादी करावी, ही कल्पना त्या व्यवस्थेंत नव्हती. नांव होतें, पण तें शोधण्याचें साधन म्हणून नव्हतें.

नांवानें खटला ओळखण्याची रीति इंग्लंडांतून आली, आणि तेथेंहि ती पहिल्यापासून नव्हती. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १५३५ पर्यंतचीं ‘इयर बुक्स’ नांवाचीं जीं टिपणें आहेत त्यांत वकिलांचा युक्तिवाद काय झाला हें महत्त्वाचें. भांडणारे कोण हें टिपणाराच्या दृष्टीनें बहुधा गौण होतें. सोळाव्या शतकांत प्लाउडन याचे रिपोर्ट १५७१ सालीं निघाले व १६०० सालापासून कोक याचे निघूं लागले. तेव्हां पक्षकारांच्या नांवानें निकाल सांगण्याची वहिवाट स्थिर होत गेली. पूर्वीच्या निकालाचा दाखला पुढच्या न्यायाधीशावर बंधनकारक मानावयाचा, तर तो दाखला भरकोर्टांत झटकन सांगतां आला पाहिजे. आंकडे विसरतात, नांवें लक्षांत राहतात. ज्यांचीं नांवें टिपणारास मिळालींच नाहींत असे निकाल मात्र जुन्या इंग्रजी रिपोर्टांत ‘अनामिक’ ह्या एकाच शीर्षकाखालीं एकामागून एक छापलेले आढळतात.

मुंबई इलाख्यांत ह्या कामाचा आरंभ बोरडेल यानें केला. सदर अदालतीनें १८०० ते १८२४ पर्यंत दिलेले दिवाणी निकाल त्यानें निवडून १८२५ सालीं छापविले. सर अर्स्किन पेरी यांचा सुप्रीम कोर्टाच्या खटल्यांचा संग्रह १८५३ सालीं निघाला. १८६२ सालीं हायकोर्ट स्थापन झाल्यावर त्याच्या निकालांचे बारा खंड झाले. पुढें १८७५ सालच्या अठराव्या ॲक्टानें सरकारी मान्यतेच्या रिपोर्टांची सोय लावली आणि १८७६ पासून ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ मुंबई, कलकत्ता, मद्रास व अलाहाबाद अशा चार मालिकांत निघूं लागले. सरकारी खंड सावकाश निघत व त्यांत थोडेच निकाल येत; म्हणून रतनलाल रणछोडदास यांनीं १८९९ सालीं ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ सुरू केला. नागपुरास चितळे यांनीं ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ उभा केला. त्याचे खंड १९१४ सालच्या निकालांपासून लागतात. ह्या सर्वांत एक मर्यादा समान होती, ती अशी कीं दिलेल्या निकालांपैकीं छापला जाई तो अगदीं लहानसा अंश. ज्यांत कायद्याचा नवा मुद्दा निघाला तो निकाल निवडला जाई. बाकीचे हजारों दप्तरांत राहत. यामुळें एखादें नांव रिपोर्टांत असणें हें त्या माणसाच्या थोरपणाचें लक्षण नव्हे आणि त्याच्या अपराधाचेंहि नव्हे. त्याच्या भांडणांतून वकिलांच्या उपयोगाचा एखादा प्रश्न निघाला, एवढाच त्याचा अर्थ.

आतां प्रत्यक्ष शोधाकडे वळावें. फौजदारी खटल्यांत फिर्यादी राज्यसत्ता, म्हणून शीर्षकांत पहिलें नांव तिचें. पण ह्या सत्तेचें नांव तरी एक असावें! मुंबईच्या रिपोर्टांत १८७६ पर्यंतचे खटले ‘रेग्’ म्हणजे राणी ह्या लॅटिन शब्दाच्या संक्षेपानें सुरू होतात. १ जानेवारी १८७७ रोजीं व्हिक्टोरिया राणीनें सम्राज्ञीपद धारण केल्याचें जाहीर झालें, तशी शीर्षकांत कोठें ‘इम्परेट्रिक्स’ आली, कोठें ‘एम्प्रेस’ आली, आणि पुढें ‘क्वीन-एम्प्रेस’ स्थिर झाली. १९०१ सालीं राणी वारली. मग ‘किंग-एम्परर’ आणि ‘एम्परर’. १९५० सालीं प्रजासत्ताक झालें आणि सत्तेचें नांव ‘स्टेट’ झालें. ह्याचा परिणाम असा कीं चोरी, खून, राजद्रोह अशा गुन्ह्यांचे आरोपी ‘आर्’, ‘आय्’, ‘ई’, ‘क्यू’, ‘के’ आणि ‘एस्’ ह्या सहा अक्षरांखालीं वांटले गेले. आरोपीचें स्वतःचें आद्याक्षर यादींतून जवळजवळ नाहींसें झालें. कांहीं सूचीकारांनीं ही अडचण ओळखून नांवें उलटीं करूनहि घातलीं, म्हणजे आधीं आरोपी व मग सरकार. परंतु ही सोय सर्व ठिकाणीं सारखी मिळत नाहीं.

लोकमान्य टिळकांचें उदाहरण घ्यावें, कारण इतक्या वेगवेगळ्या नात्यांनीं कोर्टाची पायरी चढलेला दुसरा मराठी पुढारी दाखवितां येणें कठीण. १८९७ चा राजद्रोहाचा खटला, ज्यांत न्यायमूर्ति स्ट्रेची यांनीं सरकारविषयीं प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीति असा अर्थ ज्यूरीला सांगितला, तो मुंबई मालिकेच्या बाविसाव्या खंडांत आहे, पण ‘क्यू’ अक्षराखालीं. क्वीन-एम्प्रेस फिर्यादी होती. १९०८ चा खटला, ज्यांत न्यायमूर्ति दावर यांनीं सहा वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली, तो ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’च्या दहाव्या खंडांत ‘ई’ अक्षराखालीं सांपडतो. आणि ज्या प्रकरणानें त्यांना सर्वांत अधिक वर्षें छळलें, तें ताई महाराज प्रकरण, त्याचा प्रिव्ही कौन्सिलनें १९१५ सालीं दिलेला निकाल ‘बाळ गंगाधर टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित’ ह्या शीर्षकाखालीं ‘बी’ अक्षरांत आहे. अपील करणाराचें नांव पुढें येतें ह्या नियमानें त्या वेळीं टिळक पुढें आले. एकच माणूस, अठरा वर्षांचा अवधि, आणि अक्षरें तीन. ‘टी’ अक्षराखालीं शोधणारा ह्या तिन्ही ठिकाणीं चुकला असता. कारण हिंदु माणसाचें आडनांव धरावयाचें नाहीं, छापलेलें पहिलें नांव धरावयाचें, अशी ह्या याद्यांची बहुधा चाल.

ताई महाराजांची गोष्ट तर याहून चमत्कारिक. सगळा महाराष्ट्र ज्या प्रकरणाला त्यांच्या नांवानें ओळखतो त्याच्या अखेरच्या शीर्षकांत त्यांचें नांवच नाहीं. बाबा महाराज १८९७ सालीं वारले, त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणें टिळक विश्वस्त झाले, दत्तकाचा वाद पेटला, आणि त्यांतून खोट्या साक्षीचा आरोप टिळकांवर येऊन १९०४ सालीं हायकोर्टांत तो धुऊन निघाला. प्रिव्ही कौन्सिलचा निकाल लागला तेव्हां ताई महाराज हयात नव्हत्या. दाव्यांत मेलेल्याच्या जागीं वारसाचें नांव येतें. कायद्याच्या दृष्टीनें तें बरोबरच आहे, पण लोकांची स्मृति असे वारस मानीत नाहीं. आतां कोणी केवळ याद्यांवर विसंबून त्यांचा शोध घेऊं लागला तर हें प्रकरण कोणा दोन पुरुषांच्या इस्टेटीच्या भांडणाचें होतें असाच त्याचा समज होईल.

वकिलांचीं नांवें रिपोर्टांत छापलेलीं असतात, यादींत मात्र येत नाहींत. १८९७ सालीं टिळकांच्या जामिनासाठीं बोलणारे बॅरिस्टर दावर आणि १९०८ सालीं त्यांना शिक्षा देणारे न्यायमूर्ति दावर एकच, हें यादी सांगत नाहीं. १९१६ सालीं टिळकांवरील जामीनकीचा हुकूम हायकोर्टांतून रद्द करून घेतांना त्यांच्या बाजूनें बॅरिस्टर जिना उभे होते, हेंहि यादी सांगत नाहीं. जो भांडतो त्याचेंच नांव; बोलणारा, ऐकणारा, साक्ष देणारा, ह्यांतला कोणी नाहीं.

कधीं कधीं तर दोन पक्षच नसतात. १९२० सालीं अहमदाबादच्या जिल्हा न्यायाधीशाचें एक पत्र ‘यंग इंडिया’ पत्रांत छापल्यावरून गांधीजींवर व महादेव देसाई यांच्यावर कोर्टाच्या बेअदबीचें काम चाललें. गांधीजींनीं क्षमा मागण्याचें नाकारलें, आणि १२ मार्च १९२० रोजीं हायकोर्टानें त्यांना कडक शब्दांत समज देऊन सोडलें. हें काम ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’च्या बाविसाव्या खंडांत ३६८ व्या पानावर आहे, त्याचें शीर्षक ‘अमुकाच्या बाबतींत’ अशा लॅटिन धाटणीचें आहे. त्याला गांधी म्हणून शोधावें, मोहनदास म्हणून शोधावें, कीं त्या लॅटिन शब्दाच्या आद्याक्षरानें शोधावें, हें यादी करणाराच्या मर्जीवर!

अशा शोधांत सर्वांत अधिक कस लागतो तो स्त्रियांच्या नांवांपाशीं. मराठी मुलुखांतील जुन्या कागदांत पुरुषापुढें ‘बिन’ किंवा ‘वलद’ लावून बापाचें नांव घालीत आणि स्त्रीपुढें ‘कोम’ लावून नवऱ्याचें. कोर्टाच्या कारकुनांनीं हे शब्द जसेच्या तसे इंग्रजी शीर्षकांत उतरविले, आणि लंडनच्या एखाद्या वाचकास ‘कोम’ हें मधलें नांव वाटलें असल्यास त्याला दोष देतां येत नाहीं. मराठींत ‘बाई’ हा शब्द नांवाच्या मागें लागतो. गुजराथींत तो पुढें येतो. त्यामुळें मराठी लक्ष्मीबाई ‘एल्’ खालीं, पण गुजराथेंतल्या किती तरी वादिनी एकजात ‘बी’ अक्षराखालीं ‘बाई अमुक’, ‘बाई तमुक’ अशा रांगेनें बसलेल्या दिसतात. मुंबई मालिकेच्या पहिल्याच खंडांत ९७ व्या पानावर ‘राही विरुद्ध गोविंदा वलद तेजा’ हा १८७५ चा निकाल आहे. शूद्र मानलेल्या जातींतील अनौरस संततीच्या वारसाहक्कासंबंधीं तो शंभराहून अधिक वर्षें आधार म्हणून वाचला गेला. गोविंदाचा बाप कोण हें शीर्षक सांगतें. राहीच्या वांट्यास मात्र दोन अक्षरेंच आलीं आहेत.

लेखनाच्या तऱ्हेचा घोटाळा वेगळाच. मुलीला बापाची मिळकत पूर्ण मालकीनें मिळते हें मुंबई इलाख्यांत ज्या पूर्णपीठाच्या निकालानें पक्कें झालें तो १८८६ चा निकाल भागीरथीबाई विरुद्ध कान्हुजीराव असा आहे. रोमन लिपींत भागीरथी ह्या नांवांतला एक स्वर गळाला आहे आणि ‘राव’ हा शब्द ‘ओ’ अक्षरानें न संपतां ‘व्ही’ अक्षरानें संपतो. वाचणाऱ्यानें कान्होजी म्हणावें कीं कान्हुजी, हें कोण सांगणार? लक्ष्मण, विष्णु, कृष्णाजी ह्या नांवांचीं रोमन रूपें तर कारकुनागणिक निरनिराळीं. मोडी कागदावरून बाळबोध, बाळबोधावरून इंग्रजी, आणि इंग्रजी छापावरून पुन्हां मराठी उच्चार, एवढ्या वळणांवरून आलेलें नांव मूळच्या घरीं ओळखूं येईल अशी खात्री देतां येत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर नांवांची ही गुंतागुंत संपली असें नाहीं. नौदलाचे अधिकारी कमांडर नानावटी यांच्या हातून एप्रिल १९५९ मध्यें प्रेम आहुजा यांचा मृत्यु झाला. ज्यूरीनें निर्दोष ठरविलें, हायकोर्टानें दोषी ठरविलें, आणि त्याच दिवशीं राज्यपालांनीं शिक्षा तहकूब केली. ह्या तहकुबीचा अधिकार राज्यपालांना होता कीं नाहीं याचा निर्णय सप्टेंबर १९६० मध्यें लागला, त्याचें शीर्षक ‘नानावटी विरुद्ध मुंबई राज्य’. मूळ गुन्ह्याचा निर्णय नोव्हेंबर १९६१ मध्यें लागला, त्याचें शीर्षक ‘नानावटी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. मध्यंतरीं १ मे १९६० रोजीं राज्याचेंच नांव बदललें होतें. आरोपी तोच, फिर्यादी तीच सत्ता, आणि तरी सूचींत दोन निरनिराळे प्रतिपक्ष दिसतात. मेलेल्याचें नांव दोन्ही शीर्षकांत कोठेंहि नाहीं. खून झालेला माणूस आपल्या खटल्यांत पक्षकार नसतो.

आतांपर्यंत जी अडचण म्हणून सांगितली तीच एका अर्थानें आडोसाहि होती, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. खंड जाडे, किंमत भारी, भाषा इंग्रजी, आणि ते असत वकिलांच्या खोलींत किंवा कोर्टाच्या ग्रंथालयांत. एखाद्या विधवेच्या पोटगीच्या दाव्यांत तिच्या वर्तनावर चिखलफेक झालेली असे आणि ती छापलीहि जाई; पण तिच्या गल्लींतल्या माणसाला तें पान उघडावयाचें तर त्याला खंड, वर्ष, प्रतिपक्षाचें नांव आणि कारकुनाचें लेखन इतकें सर्व ठाऊक पाहिजे. न्याय उघड्यावर व्हावा हें तत्त्व पाळलें जाई, आणि बहुतेक पक्षकार दप्तराच्या धुळींत सुखरूप राहत. कोणीं मुद्दाम दिलेलें हें संरक्षण नव्हतें.

ज्यांना ह्या आडोशाचा उपयोग झाला नाहीं त्यांत १९७२ सालीं चंद्रपूर जिल्ह्यांतील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यांत जिच्यावर अत्याचार झाला ती आदिवासी मुलगी होती. सेशन्स कोर्टानें आरोपी पोलिसांना सोडलें, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानें १९७६ सालीं दोषी धरलें, आणि सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं पुन्हां सोडलें. शीर्षकांतलें नांव आरोपीचें. तिचें नांव निकालपत्राच्या ओळीओळींत, आणि त्याबरोबर तिच्या शरीराची व चारित्र्याची चर्चाहि. सप्टेंबर १९७९ मध्यें उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनीं सरन्यायाधीशांना उघडें पत्र लिहिलें, देशभर चळवळ झाली, आणि १९८३ सालीं दंडसंहितेंत अत्याचारपीडितेचें नांव छापण्यास बंदी करणारें २२८-अ हें कलम आलें. चळवळीनेंहि ह्या प्रकरणाला त्या मुलीचेंच नांव दिलें होतें, सद्भावानें दिलें होतें. ज्या प्रकरणामुळें दुसऱ्या स्त्रियांचीं नांवें झांकलीं गेलीं, त्यांतलें मूळ नांव मात्र आज कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकांत आहे. येथें तें घेण्याचें कारण नाहीं.

त्या कलमानें उच्च व सर्वोच्च न्यायालयांच्या निकालांच्या छपाईस मनाई केली नव्हती. २००३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं बंदी नसली तरी निकालपत्रांतहि असें नांव न घालणें हेंच योग्य. त्याआधीं १९९४ सालीं त्याच न्यायालयानें एक नियम घालून दिला होता: एखादी गोष्ट कोर्टाच्या दप्तरांत येऊन सार्वजनिक झाली कीं तिच्याविषयीं खाजगीपणाचा हक्क उरत नाहीं, अपवाद अत्याचारपीडित स्त्रीचा. ह्या नियमाच्या पहिल्या अर्धात किती भार होता हें त्या वेळीं जाणवलें नाहीं. तो जाणवला संगणक आल्यावर.

निकालपत्र पुन्हां छापण्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें मुळांतच आडकाठी केलेली नाहीं, आणि २००७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं संपादकाच्या मथळ्यांवर व टीपांवर त्याचा हक्क, पण न्यायाधीशाचे शब्द सर्वांचे. त्याच्या पाठोपाठ, २००८ च्या आरंभीं, सुशांत सिन्हा यांनीं ‘इंडियन कानून’ हें विनामूल्य शोधयंत्र सुरू केलें. २०२३ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें आपले सर्व छापील रिपोर्ट लोकांस फुकट खुले केले. जिल्हा न्यायालयांच्या सरकारी संकेतस्थळावर पक्षकाराच्या नांवाचीं निदान तीन रोमन अक्षरें व वर्ष घातलें कीं खटले समोर येतात. खेड्यांतल्या शेतकऱ्याला आपल्या अपिलाचें काय झालें हें वकिलाच्या दारांत दिवस न घालवितां कळूं लागलें, हा लाभ लहान नव्हे. संशोधकाचेंहि फावलें: यादींत न येणारे साक्षीदार, वकील, मेलेले, शेजारी, सारे आतां शब्दानें सांपडतात. रखमाबाईला शोधण्यासाठीं दादाजीची वाट पाहावी लागत नाहीं.

परंतु हें यंत्र नांवाचा अर्थ जाणत नाहीं. जो दोषी ठरला, जो सुटला, ज्यानें केवळ जामीन मागितला, ज्याच्या दुकानासमोर मारामारी झाली, त्या साऱ्यांना तें एकाच पंगतींत बसवितें. पूर्वीं शीर्षकांत नांव पहिलें कीं दुसरें यावरून निदान नातें कळे. आतां एखाद्या पाटील, शेख किंवा जाधव नांवाच्या माणसाला घर भाड्यानें देण्यापूर्वीं घरमालक तें नांव टाकतो आणि त्याच नांवाच्या दुसऱ्याच कोणाचा खटला वाचून दार लावतो. निर्दोष सुटलेल्याचें दुःख तर अधिक खोल. निकालाच्या शेवटच्या ओळींत तो सुटलेला असतो. तत्पूर्वींचीं वीस पानें त्याच्यावरच्या आरोपांनीं भरलेलीं असतात, आणि नोकरी देणारा शेवटपर्यंत वाचील असा भरंवसा कोणीं द्यावा? १८८५ सालीं इंग्रजी खंड विकत घेणारा वाचक पेशानेंच शेवटची ओळ आधीं पाहणारा होता. आजचा तसा नाहीं.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असें सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं ऑगस्ट २०१७ मध्यें एकमतानें सांगितल्यापासून ह्या गाऱ्हाण्याला कायद्याची भाषा मिळाली. फेब्रुवारी २०२४ मध्यें मद्रास हायकोर्टानें एका निर्दोष सुटलेल्या माणसाच्या अर्जावर त्याचें नांव असलेला निकाल शोधयंत्रावरून काढण्याचा आदेश दिला. जुलैमध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यास स्थगिती दिली. दोन्ही बाजूंना वजन आहे. सुटलेल्याचें नांव पुसावें तर उद्यां पोलिसांनीं किती निरपराध्यांना वर्षानुवर्षें कोंडून ठेवलें याचा हिशेब कशावरून करावयाचा? आणि तें ठेवावें, तर कोर्टानें दिलेली मोकळीक बाजारांत चालत नाहीं. कागद नष्ट न करतां केवळ नांवावरून होणारा शोध बंद करावा, हा मधला मार्ग अधिक समंजस दिसतो. त्यानें पूर्वींचा तो न मागितलेला आडोसा जाणूनबुजून परत बांधल्यासारखें होईल.

दरम्यान न्यायालयांनीं स्वतःच एक जुनी युक्ति नव्यानें वापरावयास घेतली आहे. १९९८ सालीं एका रुग्णाच्या रोगाची माहिती इस्पितळानें उघड केल्याच्या तक्रारीचा निकाल ‘मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड’ ह्या शीर्षकानें छापला गेला. सप्टेंबर २०२२ मध्यें अविवाहित स्त्रीच्या गर्भपाताच्या हक्काविषयींचा महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयानें दिला, त्यांतहि अर्ज करणारी फक्त ‘एक्स’ आहे. हे निकाल दाखला म्हणून वारंवार वाचले जातात. तिचें नांव कोणास माहीत नसल्यामुळें त्या दाखल्याचें वजन गुंजभरहि कमी झालेलें नाहीं. मात्र सूचींतलें ‘एक्स’ हें अक्षर, जेथें शंभर वर्षें क्वचितच कोणी फिरकलें, तेथें आतां एकसारख्या शीर्षकांची गर्दी होऊं लागली आहे, जशी ती जुन्या इंग्रजी रिपोर्टांत ‘अनामिक’ ह्या शब्दाखालीं होत असे. आणि त्यांतला नेमका एक निकाल काढावयाचा तर वकिलाला पुन्हां तारीख, खंड व पान हींच विचारावीं लागतात.